दाजींचा जनरेटर

दगाआबांच्या घरात तो जनरेटर पाहुण्यासारखा राहत होता. अलंगला तोडायला आलेल्या कुठल्याशा परदेशी जहाजावरचा तो. जावई विजयदाजींनी गेल्या दिवाळीत टेम्पोत घालून सुरतेत गोडादऱ्याला आणला, तेव्हा निम्मी गल्ली बघायला लोटली होती. आबांच्या बायकोनं, सरलाबाईंनी, त्याला खोळसुद्धा शिवली. मुलगा हर्षल बी.एस्सी. फर्स्ट क्लासमध्ये पास झाल्याचे पेढे वाटले, तेव्हा एवढी माणसं आली नव्हती, हे त्याच्या चांगलं लक्षात राहिलं होतं. आबांनी चारचौघांत एकदा तरी म्हणावं, हे माझ्या पोरानं केलं. एवढंच त्याला हवं होतं. आबा म्हणायचे ते जावयाबद्दल.

श्रावणातल्या रविवारी खानदेशची देवी कानबाई घरात बसायची होती. त्या रविवारी सुरतेतली सगळी खानदेशी भाऊबंदकी आबांकडे जमायची, आणि पावसाळ्यात गोडादऱ्याची लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा. म्हणून जनरेटरची खोळ काढली, तर त्याच्या केबलचा प्लग फुटलेला. घर आवरताना कपाटाचा पाय त्यावर पडला असावा. उघड्या तीन तारा तेवढ्या लोंबत होत्या.

हर्षल म्हणाला, जनरेटरचं सॉकेटच काढू आणि आपलं देशी बसवू. आबांनी मान हलवली. जावयानं दिलेली वस्तू खोलायची नाही. "जावईबापूच देखतीन काय ते," म्हणत ते नाक्यावरच्या पीसीओत फोन करायला गेलेसुद्धा. घरात फिजिक्स शिकलेला मुलगा उभा होता, आणि फोन चालला होता हजिऱ्याच्या जेटीवर, बी.कॉम. झालेल्या सुपरवायझरला.

दुसऱ्या दिवशी हर्षलनं उधन्याच्या प्रोसेस हाउसमधून, जिथं तो कापडाचे रंग तपासायचा, व्हर्नियर आणि मल्टिमीटर मागून आणले. जनरेटरवर शेजारी शेजारी दोन सॉकेटं होती, दिसायला अगदी जुळी. गोल चकती, तिच्यात कमानीसारख्या वाकलेल्या तीन फटी. प्लग आत दाबायचा आणि फिरवून अडकवायचा. त्यांच्यावरची अक्षरं खाऱ्या हवेनं केव्हाच खाल्ली होती. माप घेतलं तर दोन्हींचा व्यास सारखाच. मग त्यानं कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि दोन्ही ठसे उजेडात धरले. दोन्हींत एका फटीला हुकासारखा छोटा आकडा होता. एकात तो आत, मध्याकडे वळला होता, दुसऱ्यात बाहेर.

जनरेटर सुरू करून त्यानं मीटर लावला. आत वळलेल्या आकड्याचं सॉकेट एकशे दहा व्होल्टचं निघालं, बाहेर वळलेल्याचं दोनशे वीसचं, घरातल्या लाइटला लागणारं. म्हणजे एकाचा प्लग चुकूनही दुसऱ्यात जाऊ नये, म्हणून कुणीतरी मुद्दाम ही युक्ती करून ठेवली होती. कुठल्या देशातल्या कोणाला हे सुचलं असेल, या विचारात हर्षल इतका रमला की थोडा वेळ विजयदाजी त्याच्या डोक्यातून पार गेले.

मग शोधाशोध सुरू झाली. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत ठसा दाखवला की गल्ल्यावरचा माणूस हसायचा. "आ तो फोरेननुं छे, भाई," म्हणायचा आणि सॉकेट बदलायचा सल्ला द्यायचा. शेवटी उधन्याच्या रुळांपलीकडे एका भंगारवाल्याकडे परदेशी यंत्रमागाचा मोडका स्विचबॉक्स मिळाला. त्याच्या केबलला काळाकुट्ट, तेलकट प्लग होता. हर्षलनं तो ठशावर ठेवला. पाती बसली. आकडा बाहेर वळलेला होता.

शनिवारी संध्याकाळी तो खिशात घालून हर्षल घरी आला, तर ओट्यावर विजयदाजींच्या चपला. आत आबा एक पिवळाधमक, कोरा प्लग सोन्याचा असावा तसा उलटसुलट करून बघत होते. जेटीला लागलेल्या अमेरिकन बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनकडून दाजींनी तो मागून आणला होता, आणि तारा जोडून सॉकेटात फिरवूनही पाहिला होता. चपखल बसला होता.

हर्षलनं जवळ जाऊन पाहिलं. आकडा आत वळलेला होता.

त्याचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. आता बोलावं तर घरातल्या घरात बोलणं मिटेल, दाजी हसतील, आबा बरं म्हणतील. उद्या सगळी भाऊबंदकी असेल.

सरलाबाई रोटांचे गहू मोजत होत्या, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची एकेक मूठ. कानबाईच्या नैवेद्याचा जाड रोट भाऊबंदांनीच खायचा. जावयाला त्यातला घाससुद्धा मिळत नाही. आपल्या नावाची मूठ सुपात पडताना हर्षलला बरं वाटलं. मग त्याला वर्षा दिसली, त्याची बहीण, दाजींची बायको. लग्न झाल्यापासून रोट तिलाही चालत नव्हता. ती गव्हाला हात न लावता दारापाशी बसून आईशी बोलत होती. त्यानं नजर वळवली.

रविवारी दिवेलागणीला, आरतीचं ताट हातात असतानाच लाइट गेली. विजयदाजींनी बाह्या सरसावल्या, प्लग फिरवला, दोरी ओढली. जनरेटर धडधडू लागला आणि मांडवातले बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लाल झाले. ट्यूबलाइटी टोकांना लुकलुकून थांबल्या. नारळाची, नथ घातलेली कानबाई त्या तांबूस अंधारात ओळखूसुद्धा येईना.

"जावईबापू," उखाकाका म्हणाले, "हाई जनरेटर शे का कंदील?"

मांडव हसला. दाजी वाकून सॉकेटाकडे बघत राहिले. हर्षलनं ते पोटभर पाहून घेतलं. मग तो पुढे झाला, जनरेटर बंद केला, बॅटरीच्या उजेडात तारा सोडवल्या, काळा प्लग जोडला आणि शेजारच्या सॉकेटात फिरवला. पुन्हा दोरी ओढताच मांडव लख्ख झाला. बायकांनी हात जोडले.

आबा त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. हा प्लग कधी आणलास, असं त्यांनी हळूच विचारलं. हर्षलच्या तोंडून खरं तेच निघालं. काल.

"मंग काल का बोलना नही?" आबांचा आवाज चढला नव्हता. "खिसामा ठेईसन देवीपुढे अंधार करा तू."

तेवढ्यात उखाकाकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की शेवटी चालू केला कोणी. आबा कानबाईकडे वळले. त्यांनी नुसतं 'माझ्या पोरानं' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"हर्षलनं हो, काका," विजयदाजी म्हणाले. "मी चुकीचा प्लग आणला होता. कालपासून छाती फुगवून फिरत होतो. आमच्या साल्याला यातलं कळतं, मला काय कळतंय."

पुन्हा हसू पिकलं, पण या वेळी ते दाजींच्या बाजूचं होतं. उखाकाकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. आणि आबांनी जावयाकडे पाहिलं, डोळे भरून, कौतुकानं. हर्षल ज्या नजरेसाठी आठवडाभर सुरत पालथी घालत होता, ती नजर हीच.

आरती सुरू झाली. दाजींनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हर्षल खाली वाकला आणि घट्ट बसलेला प्लग उगाचच आणखी पिळत राहिला.