मास्तरचा पत्ता

आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. तेलपाण्याची वेळ झाली की गिऱ्हाइकांना ईमेल जातो. हे सुरू केलं तेव्हा पहिला मेल मी मास्तरला धाडला. मास्तर म्हणजे समोरचा शिंपी, माझा जिगरी दोस्त. उत्तर टाइप करायचा त्याला भारी कंटाळा. मेल आला की गळ्यातल्या टेपसकट रस्ता ओलांडून यायचा, स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "पोचला रे! आता चहा सांग."

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. मेल मात्र जातच होता.

मध्यंतरी गिऱ्हाईक फिरकेना. सूनबाई म्हणाली, "बाबा, आपले मेल सगळ्यांच्या स्पॅममध्ये पडतायत. बंद पडलेल्या पत्त्यांचा मेलवाले सापळा करतात. तिथं मेल गेला की आपलं नाव खराब होतं, हे कुणालाही मेल धाडत सुटतात म्हणून. बाकीचे जुने पत्ते काढले मी. मास्तरकाकांचा तेवढा राहिलाय."

"मास्तर मला सापळ्यात धरेल होय गं?"

"ते नाही हो धरणार. पण ते आता तिथं नाहीत ना."

चष्मा पुसला आणि पत्ता काढायचं बटण मीच दाबलं. दुसऱ्या कुणाच्या हातून नको वाटलं.

पुढच्या महिन्यात एक बाई जड मशीन घेऊन धापा टाकत आल्या. "तुमचा मेल आला, तेव्हा आठवलं बघा."

मी मास्तरचं स्टूल पुसून पुढं केलं.

"पोचला ना? बसा. चहा सांगतो."