सत्तावीस नंबरची फेरी

टिक.

दुपारचे तीन. वेदांग झोपलाय असं समजून मी डाळीच्या डब्यात हात घालून खडे शोधत होते. एसीसुद्धा बंद होता. त्या शांततेत आतल्या खोलीतून तो एक आवाज आला आणि हातातली डाळ हातातच राहिली. तेरा-चौदा वर्षांत मी तो ऐकला नव्हता, पण ओळखायला क्षण लागला नाही.

आत गेले तर माझा साडेचार वर्षांचा मुलगा कपाटाच्या खालच्या खणापुढे मांडी घालून बसलेला. माझा शिवणाचा डबा उघडा, बाबांचा निळा रुमाल जमिनीवर, आणि त्याच्या मुठीत बाबांची टिकटिकी.

"आय डिडन्ट ब्रेक इट," तो आधीच म्हणाला.

"दाखव."

त्यानं मूठ उघडली. स्टीलचं गोल मोजणीयंत्र, वर अंगठ्यानं दाबायचं बटण, समोर काचेत आकडे. तिथे कायम एकोणचाळीस असायचे. आता चाळीस होते.

"फोर झीरो. फॉर्टी," त्यानं वाचून दाखवलं. "हे काय आहे, आई?"

माझे बाबा, विजयकुमार, शारजात एका एसी कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. आठवडाभर नट, वॉशर, तांब्याचे पाइप मोजायचे. शुक्रवारी सुट्टी. सुट्टीत ते गाड्यांच्या फेऱ्या मोजायचे.

उम्म अल क्वैनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, खारट जमिनीवर, एक लहानसा लंबगोल ट्रॅक होता. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी तिथे स्टॉक कारच्या शर्यती व्हायच्या. गाड्या म्हणजे भंगारातून उचललेल्या जुन्या टोयोटा, डॅटसन. काचा काढलेल्या, दारं वेल्ड करून बंद केलेली, आत पाइपांचा पिंजरा, दारावर ब्रशनं काढलेला नंबर. ट्रॅक एवढा छोटा की थोड्याच वेळात पहिली गाडी शेवटच्या गाडीला गाठायची आणि मग कोण पुढे, कोण मागे, काही कळायचं नाही. म्हणून प्रत्येक गाडीला एक मोजणारा. पत्र्याच्या छपराखाली लांब बाकावर सगळे मोजणारे ओळीनं बसायचे. समोरून आपली गाडी गेली की बटण दाबायचं आणि मांडीवरच्या कागदावर एक रेघ मारायची. ठरलेल्या फेऱ्या भरल्या की हात वर करायचा; पहिला हात दिसला की झेंडा पडायचा. बाबांकडे सत्तावीस नंबर होता. अन्वरींची पिवळी डॅटसन.

"आठवडाभर वॉशर मोजता, शुक्रवारी फेऱ्या मोजता," आई डबा भरता भरता म्हणायची. "एकदा घरातली माणसंही मोजा."

"दोन. त्यातली एक माझ्याबरोबर येतेय," बाबा म्हणायचे आणि मला पाण्याची बाटली द्यायचे.

मी अकरा वर्षांची होते. बाबांच्या पायाशी उलट्या क्रेटवर बसायचे. पेट्रोल, जळकं रबर आणि आईच्या बटाट्याच्या भाजीचा वास यांचं जे काही मिश्रण होतं, ते मला अजून कुठे मिळालेलं नाही. शर्यतीआधी अन्वरी बाकापाशी यायचे. इराणातल्या बंदर अब्बासचा माणूस, औद्योगिक भागात छोटं गॅरेज, हात कोपरापर्यंत काळे. "शुब्रा खानम," शुभ्राचं शुब्रा करून मला म्हणायचे, "आज तेरे बाबा को बोल, दो-चार लॅप ज़्यादा गिनना."

"हबीबी, मी स्टोअरकीपर आहे," बाबा हसत मराठीतच सांगायचे, मग हिंदीत. "जो आँख से देखा, वही लिखूँगा."

हा त्यांचा नियम होता. स्टोअरमध्येही. चलनावर बारा लिहिलेत म्हणून बारा नाहीत. हातानं मोजले तर बारा.

बाकाचाही एक नियम होता. मोजणाऱ्यांशी कुणी बोलायचं नाही. एका शुक्रवारी मी न राहवून ओरडले, "बाबा, आली, आली!" तसे शर्यतीचे मुख्य, सगळे त्यांना कॅप्टन म्हणत, वळले. लालबुंद मान, पांढऱ्या मिशा. "वन मोर साउंड, यंग लेडी, आणि तू पार्किंगमध्ये," अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. पार्किंगमध्ये बसायचं म्हणजे शुक्रवार संपलाच.

पुढच्याच शुक्रवारी मोसमातली शेवटची शर्यत होती. चाळीस फेऱ्या. अन्वरींचीही शेवटची, गॅरेज बंद करून ते कायमचे परत चालले होते. सात वर्षांत एकदाही जिंकले नव्हते. "एक कप ले जाऊँ घर, बस," सकाळीच म्हणाले होते. त्या दिवशी डॅटसन वेड्यासारखी पळत होती.

विसाव्या-बाविसाव्या फेरीला समुद्राकडून वारा आला. बाबांच्या मांडीवरचा कागद उडाला. त्यांनी वाकून तो पायाखाली दाबला. एक क्षण. त्या क्षणात समोरून पिवळं काहीतरी गेलं, दारावर सत्तावीस. मला स्वच्छ दिसलं. तोंड उघडलं, कॅप्टनची मान दिसली, तोंड मिटलं.

बाबांनी वर पाहिलं. अंगठा बटणावर, पण दाबला नाही.

शेवटी डॅटसन रेषेवरून गेली तेव्हा टिकटिकीवर एकोणचाळीस होते, म्हणून बाबांनी हात वर केला नाही. तिच्या मागोमाग लाल आठ नंबर गेला, त्याच्या मोजणाऱ्यानं हात केला आणि झेंडा पडला. अन्वरी गाडीच्या खिडकीतून बाहेर आले ते दोन्ही मुठी वर करूनच. मग बाकाकडे पाहिलं आणि मुठी सावकाश खाली आल्या.

कॅप्टन कागद घेऊन आले. "मिस्टर विजय, शुअर?"

बाबांनी लगेच सही केली नाही. ते माझ्याकडे वाकले. कपाळावर घाम. "शुभ्रा, कागद उडाला तेव्हा सत्तावीस गेली का गं? तुला दिसली?"

कॅप्टन माझ्याकडेच बघत होते.

"नाही बाबा."

"मग नाहीच गेली," बाबा म्हणाले आणि सही केली.

अन्वरी चिडले असते तर बरं झालं असतं. ते आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "विजयभाई, तुमने नहीं देखा तो नहीं हुआ. खलास." आणि आम्हाला दोघांना थर्मासमधला चहा पाजला.

त्यानंतर बाबा बाकावर गेले नाहीत. मी पार्किंगला घाबरले होते. गेला तो अख्खा शुक्रवार, कायमचा. टिकटिकीचे आकडे शून्यावर न्यायला बाजूला एक किल्ली असते, ती त्यांनी फिरवली नाही. कधी कधी रुमालानं काच पुसायचे आणि परत ठेवायचे.

दोन हजार एक साली ते निवृत्त होऊन मिरजेला निघाले; लग्न होऊन मी शारजातच राहत होते. विमानतळावर ट्रॉली थांबवून त्यांनी रुमालाची पुडी माझ्या हातात दिली. "किल्ली फिरवू नकोस हं."

आता सांगावं, असं ठरवून मी "बाबा" म्हटलं.

"तू होतीस म्हणून बरं झालं," ते म्हणाले. "माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर असतं तर झोप लागली नसती मला. तू नाही म्हणालीस, म्हणून."

मी त्यांची बॅग उचलून दिली. गेल्या दिवाळीनंतर ते गेले.

हे सगळं मी वेदांगला सांगितलं. असं नाही, गाड्यांची गोष्ट करून. पिवळी गाडी, लाल गाडी, वारा, कागद. तो डोळे विस्फारून ऐकत होता. टिकटिकी त्यानं माझ्या तळव्यावर ठेवली होती आणि काचेवर बोट. चाळीस.

"सो येलो कार वन?"

"हो. तीच पहिली होती."

"अँड यू सॉ इट?"

"मी पाहिली."

त्यानं काचेवरचं बोट उचललं. मग माझ्याकडे पाहिलं.

"देन व्हाय डिडन्ट यू टेल आजोबा?"