व्यंकटरावांचा सहा वर्षांचा बेत

झरीच्या व्यंकटरावांना मुलींच्या शिक्षणाची भारी कळकळ आहे, असं सगळं गाव म्हणायचं आणि व्यंकटराव ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. कळकळीचं खरं कारण कळलं असतं तर गावानं त्यांना पारावर बसू दिलं नसतं. आपण काही झरीत राहत नाही, तेव्हा आपल्याला सांगायला हरकत नाही.

थोरल्या छबूला त्यांनी सोळाव्या वर्षी उजवून टाकलं होतं. स्थळ चांगलं, बागायती, पण पार बार्शीकडचं. लग्नात मिशीला पीळ देत मिरवलेल्या या गृहस्थांना पुढं कितीतरी दिवस जेवण गोड लागेना. छबू पंचमीला आणि दिवाळीला यायची, आणि आली की दुसऱ्या दिवशीच एष्टीच्या वेळा विचारायची. लेक दूर दिली हे व्यंकटरावांना आतून खात होतं. पण हे बोलायचं कुणाजवळ? गडीमाणसानं लेकीसाठी डोळे गाळायचे ते पाठवणीच्या दिवशी, तेही मांडवात, चारचौघांत. नंतर गाळले तर लोक विचारतात, काय झालं, म्हैस मेली का?

आता घरात राहिली होती धाकटी वच्छला. पंच्याऐंशी साली ती बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे वाटून संपायच्या आत व्यंकटरावांचा मेहुणा भुजंग स्थळ घेऊन दारात उभा. भुजंगरावांचा धंदा कापसाचा आणि छंद सोयरिकी जुळवण्याचा. धंद्यात खोट आली तरी छंदात कधी येत नसे.

"पोरगी शिकायलीय," व्यंकटराव म्हणाले.

आणि भुजंगराव चहा पिऊन निमूट परत गेले! व्यंकटरावांना हा शोध तेव्हाच लागला. स्थळाला नाही म्हणायला आपल्याकडं दुसरं कुठलंच कारण चालत नाही. मुलगा पसंत नाही म्हटलं तर सोयरे रुसतात, देणंघेणं जमत नाही म्हटलं तर चार लोक मध्ये पडून जमवून देतात. पण 'पोरगी शिकायलीय' म्हटलं की भल्याभल्यांचं तोंड बंद होतं. वर लोक कौतुक करतात ते वेगळंच.

मग व्यंकटरावांनी रात्री पडल्या पडल्या बेत आखला. बी.ए. तीन वर्षं. त्यावर बी.एड. एक. त्यावर एम.ए. दोन. सहा वर्षं लेक घरात! परभणीच्या कॉलेजात एष्टीनं जायचं आणि संध्याकाळी भाकरीला घरी. त्यातून विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चे, बंद चालू होते आणि परीक्षा पुढं ढकलल्या जात. त्या प्रश्नापायी कुणाकुणाची घरंदारं जळाली होती, हे व्यंकटरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. तरी परीक्षा लांबल्याची बातमी आली की ते मनातल्या मनात तेवढे महिने आपल्या पदरात पाडून घेत, आणि मग स्वतःचीच लाज वाटून उगाच तंबाखू मळत बसत.

इतक्या नीट आखलेल्या बेताला सुरुंग लावला तो वच्छलानं, तोही ताटावर.

"आबा, मला डी.एड. करायचंय," ती म्हणाली. "पहिली-दुसरीच्या पोरायला शिकवायचंय."

व्यंकटरावांचा घास हातातच राहिला. "किती वर्साचं असतंय ते?"

"दोनच वर्साचं. अन् झालं की लगेच नोकरी लागती."

दोनच वर्षं, आणि लगेच नोकरी! वच्छलाला वाटलं आपण दोन चांगल्या गोष्टी सांगितल्या. व्यंकटरावांना त्या दोन्ही सुरीसारख्या लागल्या. डी.एड. झालेल्या नोकरीवाल्या पोरीला स्थळं कशी येतात हे त्यांनी पाहिलं होतं. भुजंगराव तर अंगणातच मुक्काम ठोकतील. शिवाय 'पोरगी शिकायलीय' हे कारण दोन वर्षांतच संपणार.

पण खरं बोलायची सोय नव्हती, म्हणून ते प्रतिष्ठेवर घसरले. "अगं, पहिलीचा मास्तर म्हंजी पोरायचे शेंबूड पुसणारा! इतके मार्क घेतलीस ते त्याच्यासाठी का? परफेसर हो. गावात नाव निघंल."

"परफेसरच्या वर्गातल्या पोरायला समदं येतच असतंय," वच्छला म्हणाली. "मला न येणारी पोरं पायजेत."

हे ती वाऱ्यावर बोलत नव्हती. ऊसतोडीला गेलेली घरं उन्हाळ्यात गावी परतायची. त्यांची पोरं अर्धं वर्ष शाळेला मुकलेली असत आणि वर्गात मागं भिंतीला टेकून बसत. वच्छला गेले दोन उन्हाळे त्यांना ओसरीवर गोळा करत होती. व्यंकटरावांना तो गोंगाट आवडायचा नाही, पण ओसरी ओकी असली की तेही आवडायचं नाही.

त्यानंतर बापलेकीचा अबोला सुरू झाला. दोघंही कमलबाईंच्या, म्हणजे वच्छलाच्या आईच्या, मार्फत बोलू लागले. "आबाला म्हणाव चहा झालाय." "तिला म्हणाव ठेव तिथं." दोघं एकाच खोलीत! मधल्या मधे कमलबाईंची अवस्था टपालखात्यासारखी झाली. शेवटी एक दिवस त्यांनी लाटणं आपटलं.

"तुमचं तुमी बोला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बैल घेताना आधी नांगराला जुंपून बघता, चार तास चालवून बघता. मंग पोरीला जलमभर ज्या कामाला जुंपायचं, ते न बघताच ठरवायलाव का?"

स्वतःच्याच चाबकाचा फटका बसला की माणूस ओरडतही नाही. "बघू की," व्यंकटराव म्हणाले. "दोन्ही बघू. उद्याच जाऊ." त्यांना खात्री होती की कॉलेज पाहिल्यावर पोरगी आपोआप दिपून जाईल.

परभणीत ते आधी कॉलेजात गेले. इमारत मोठी, पायऱ्या मोठ्या, फाटकाशी शिपाई. व्यंकटराव खूश झाले आणि व्हरांड्यातून चालता चालता एका वर्गाच्या खिडकीशी थबकले. आत प्राध्यापक वहीतलं वाचून दाखवत होते. वीसेक मुलं बसली होती, त्यातली निम्मी लिहून घेत होती आणि दोघं आपापल्या हनुवटीला हात देऊन सरळ झोपली होती. प्राध्यापकांनी वर पाहिलं नाही. सगळं कसं शांत, संथ, विनातक्रार चाललं होतं.

"बघ," व्यंकटराव कुजबुजले, "कसं निवांत काम हाय! कुणाची कटकट न्हाई."

वच्छलानं झोपलेल्या मुलांकडं पाहिलं आणि नंतर बापाकडं, एवढंच.

तिथून मुलींच्या अध्यापक विद्यालयात आले. त्याला लागूनच लहान मुलांची शाळा होती आणि डी.एड.च्या मुली तिथं सरावाचे पाठ घेत. मुख्याध्यापिका मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. "बघायचंय? बसा की मागं. पहिलीच्या वर्गात पाठ चाललाय," म्हणाल्या. आता पहिलीच्या वर्गात खुर्ची कुठली! मागच्या भिंतीला लांब सतरंजीपट्टी होती, तिच्यावर फेटा सांभाळत व्यंकटराव मांडी घालून बसले. पुढच्या पोरांनी शिकायचं सोडून मागं तोंडं फिरवली. एकीनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "हे बी पहिलीत का गं?"

पाठ घेणारी मुलगी आधीच घाबरलेली, त्यात हा पाहुणा. वजाबाकी चालली होती. फळ्यावर तिनं पाच भाकरी काढल्या होत्या.

"आईनं पाच भाकरी केल्या," ती घोकल्यासारखी म्हणाली. "बाबांनी दोन खाल्ल्या. किती उरल्या?"

"एक बी न्हाई!" पहिल्या ओळीतला एक बुटका ठासून म्हणाला.

"नीट मोज. पाचातून दोन गेल्या..."

"एक बी न्हाई. आमच्यात मी हाव, आज्जी हाय, बाळ्या हाय. ते काय उपाशी बसत्यात?"

वर्गात एकच गलका झाला. जो तो आपल्या घरातली भाकरी कोण खातं ते ओरडून सांगू लागला. पाठ घेणारीनं हातातलं टाचण चाळलं. त्यात उत्तर तीन होतं आणि आज्जी, बाळ्या कुठंच नव्हते. तिचे डोळे भरून आले.

वच्छला केव्हा उठून पुढं गेली ते व्यंकटरावांना कळलंच नाही. तिनं त्या मुलीच्या कानात काही विचारलं, तिनं मान हलवली, आणि वच्छला पोरांच्या समोर खाली फतकल मारून बसली.

"बरं, ज्याच्या त्याच्या घरच्या भाकरी," ती म्हणाली. "आधी तू सांग. घरात किती जण? आय किती थापती? कोण किती खातंय?" बुटक्यानं बोटं दुमडत सांगितलं. मग दुसऱ्यानं. गलका होता तसाच होता, पण आता त्यात आकडे ऐकू येऊ लागले. पोरं एकमेकांच्या भाकरी मोजू लागली, चुकलेल्याला सांगू लागली. पाठ घेणारी मुलगी डोळे पुसून फळ्यावर लिहायला लागली. व्यंकटरावही बोटं दुमडत होते, आणि एका पोरानं हिशेब चुकवला तेव्हा त्यांनी चक्क हात वर केला. सगळा वर्ग हसला. वच्छलाही हसली, पण तिनं त्यांना विचारलं नाही. आधी लहानांची पाळी.

कोपऱ्यात एक मुलगी गप्प बसून होती. वच्छला सरकत तिच्याजवळ गेली. "तुझं सांग की."

"आमी पाच जण व्हतो. ताई सासरला गेली," ती हळूच म्हणाली.

"मंग किती राहिले?"

"चार."

"अन् आय भाकरी किती करती?"

"पाच."

"पाच? मंग एक जास्त व्हती की."

"व्हती," मुलगी म्हणाली. "आय इसरती. रोज इसरती. मंग ती मी सकाळी चहासंगं खाती."

वर्ग पुन्हा हसला. वच्छला हसली नाही. तिनं त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हंजी पाचातून चार गेले, एक उरली. बराबर हाय तुझं. लय बराबर हाय."

मागं भिंतीशी व्यंकटरावांनी फेट्याचं टोक डोळ्याला लावलं. छबू गेल्यावर घरात असंच झालं होतं. कमलबाई कितीतरी दिवस एक भाकरी जास्त थापायच्या आणि व्यंकटराव ती काही न बोलता आपल्या ताटात ओढून घ्यायचे. दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही. आणि इथं एवढीशी पोर सगळ्या वर्गासमोर ते बोलून मोकळी झाली होती, कारण समोर बसलेल्या बाईनं तिला विचारलं होतं. व्यंकटरावांना वाटलं, आपल्यालाही कुणी असं विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना लेकीचा अभिमान वाटला आणि त्याच दमात ती जाणार याचं रडू आलं.

घंटा झाल्यावर दोघं बाहेर आले. समोरच प्रवेशाच्या खिडकीशी मुली आणि त्यांचे बाप रांगेत उभे होते. व्यंकटरावांनी घसा खाकरला.

"डी.एड. कर," ते म्हणाले.

वच्छलाचे डोळे मोठे झाले. "खरंच, आबा?"

"खरंच. ते परफेसर न् नाव निघंल, ते समदं थोतांड व्हतं. मला बी.ए. पायजे व्हतं ते माझ्यासाठी. सहा वर्सं तू घरी राहिली असतीस. छबूसारखी एवढ्यात गेली नसतीस." एवढं बोलून ते भिंतीकडं बघू लागले. "पण तू तिथं बसलीस तवा मला कळलं. तुला दुसरं काही करायला लावलं तर पाप लागंल मला. दोन वर्सं तर दोन वर्सं."

वच्छला म्हणाली, "आबा, पहिलीच्या मास्तरणीची नोकरी जिल्हा परिषदेची असती. बदली व्हती ती जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. परफेसर झाले असते तर कुटं औरंगाबाद न् कुटं पुणं, काही नेम न्हाई. डी.एड. झाले तर सेलू, न्हाई तर जिंतूर. नवरा बघायचा तो बी इथलाच बघावा लागंल तुमाला."

व्यंकटराव तिच्याकडं बघतच राहिले. हिशेब पुन्हा एकदा मनात करून पाहिला. सहा वर्षं विरुद्ध जन्मभर! एवढा व्यवहारी म्हणवणारा माणूस, पण हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना आनंद झाला, आणि मग रागही आला.

"अगं, मंग हे पहिल्याच दिवशी का न्हाई सांगितलंस? ताटावरच हो म्हणलो असतो की मी! एवढे दिवस उगंच तोंड बंद करून बसलो."

"ठाऊक व्हतं मला," वच्छला म्हणाली. "तुमी स्थळं कशामुळं परतवायलाव ते आयनं कवाच वळखलं व्हतं. सांगितलं असतं तर तुमी लगेच हो म्हणला असता. पण ते तुमच्यासाठी म्हणला असता. मला तुमचं हो माझ्यासाठी पायजे व्हतं."

व्यंकटरावांनी फेटा नीट केला, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, आणि मग बाजूला होऊन तिला आपल्या पुढं उभं केलं.