विकली नाही ती डबी

आमच्या घराण्याचा एक किस्सा मी परभणीतल्या निम्म्या गिऱ्हाइकांना ऐकवलेला आहे. कापड फाडता फाडता बोलायची मला खोडच. मोठ्या दुष्काळात आमच्या आजोबांनी, कल्याणरावांनी, बैल विकले, भांडी विकली, पण लिंगाची चांदीची डबी विकली नाही! आम्ही लिंगायत. आमच्यात जन्मल्यावर गळ्यात लिंग बांधतात आणि मेल्यावर ते हातावर ठेवूनच पुरतात; डबी तेवढी घरात मागे राहते. ती डबी आज माझ्या गळ्यात आहे.

मनकर्णाबाई दुकानात आल्या तेव्हाही मी हाच किस्सा सांगितला. या बाई ख्रिस्ती, बाहेरगावच्या दवाखान्यात नर्स. त्यांचं म्हणणं, त्यांची आजी बसम्मा मूळची पेडगावची, कल्याण नावाच्या लिंगायताची मुलगी, दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात गेलेली. मी भडकलोच. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते, जो तो समोरच्याची जात हुंगत होता, आणि मी काही त्याला अपवाद नव्हतो. आमच्या घरची पोर चर्चमध्ये? मी सदऱ्याची गुंडी काढली आणि डबी बाहेर ओढून दाखवली.

"उपाशी राहून ही जपली आमच्या आजोबांनी, बाई. ते काय पोरगी टाकून देतील?"

त्यांनी डबीकडे हात पुढे केला, तसा मी झटकन मागे सरकलो. त्यांनी हात आवरला. मग बराच वेळ त्या नुसत्या डबीकडे बघत राहिल्या.

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मीच त्यांना पेडगावला पार्वतीआत्याकडे घेऊन गेलो. आत्या म्हणजे कल्याणरावांचं शेंडेफळ. डोळे अधू झालेले, पण आठवण शाबूत.

"बसम्मा? माजी थोरली बहीण की ती," आत्या म्हणाली. "म्या न्हाई बघितली तिला, माज्या जन्माआधीच गेली. दुष्काळात मेली म्हणायचे अण्णा, आमचे वडील. पण तिची समाधी कुठं हाय म्हणून इचारलं की उठून जायचे. माय मातर लय रडायची."

"मेली ना? मग विषयच संपला," मी म्हणालो आणि उठलो. पण मनात पाल चुकचुकली होती.

पुढच्या रविवारी आम्ही मिशनच्या जुन्या चर्चमध्ये गेलो. पाद्रीसाहेबांनी बाप्तिस्म्याची जुनी वही काढली. मी ऐटीत पायावर पाय टाकून बसलो होतो. नाव निघणार नाही याची मला खात्री होती.

नाव निघालं. पाद्रीसाहेब ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. "बसम्मा, वय सहा. बाप कल्याण, लिंगायत, राहणार पेडगाव. गळ्यात चांदीची डबी." त्याखाली वेगळ्या शाईत आणखी लिहिलं होतं. "पाऊस झाल्यावर बाप येऊन मुलीला भेटला. डबी घेऊन गेला."

"आणि मुलगी?" मी विचारलं.

"ती इथंच वाढली," पाद्रीसाहेब म्हणाले.

मग मनकर्णाबाई बोलल्या. "आजी सांगायची, बाप आला तवा तिला वाटलं, न्यायलाच आला. त्याला दोऱ्याची गाठ सुटंना, तर हिनंच मान खाली वाकवली. डबी कमरेला खोचली आन् म्हणला, बस हितं, आलोच."

माझे पाय आपोआप खाली आले. लिंग काढून घेतलं म्हणजे आमच्या लेखी माणूसच काढून टाकलं.

"पण आजीनं कधी राग धरला न्हाई," त्या म्हणाल्या. "विकली असंल बिचाऱ्यानं, म्हणायची. घरी धाकटे भाऊ हाईत, त्यांच्या पोटात चार घास गेले असतील. तेवढंच कुणाच्या तरी तोंडून ऐकावं म्हणून मी आले होते."

त्या धाकट्या भावांतला एक माझा बाप. 'विकली' एवढा एक शब्द बाईंना पुरला असता, आणि मी गुंडी काढून दाखवलं होतं की विकली नाही! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आजोबांची लाज वाटलीच, पण त्याहून जास्त माझी वाटली. ज्या पोरीच्या गळ्यातून ही डबी काढली, तिच्याच नातीला मी ती शिवू दिली नव्हती.

मी घाईघाईने मानेमागे हात नेले. गाठ काही सुटेना.

"ताई, ही तुमचीच आहे," मी म्हणालो आणि मान खाली वाकवली. "तुम्हीच सोडा गाठ."

त्यांनी हात पुढे केला नाही.

"असू द्या, दादा," त्या म्हणाल्या. "आजी जिती होती तवा मला तुमचं घर सापडलं न्हाई, लय बरं झालं."

पाद्रीसाहेबांना नमस्कार करून, पर्स उचलून त्या बाहेर गेल्या. मी तसाच मान वाकवून बसून राहिलो.