लाल बटण, पाच सेकंद

"ताई, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय," पार्थ साहेब म्हणाले, आणि माझ्याच बापाने बनवलेल्या पॅनेलपासून मी चार पावलं मागे सरकले.

साहेब जालन्याहून आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, बुटाला माती लागू नये म्हणून टाचा उचलून चालणं, आणि विहिरीत न डोकावता विहिरीबद्दल बोलणं! आमच्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा पंप अकरा वर्षं बाबाच्या पॅनेलवर चालला. बाबा म्हणजे भिवा मेकॅनिक, वडीगोद्रीला रस्त्यावर दुकान, नववी नापास. आता दुकान मी चालवते. जुन्या चिपमधला प्रोग्राम नव्या पॅनेलमध्ये उतरवायचा, एवढंच साहेबांचं काम होतं.

विहिरीला झरा एकच. किती मिनिटं उपसून थांबायचं, हे दर महिन्याला बदलतं. चुकलं की मोटर कोरडी फिरून जळते. बाबाने काठावरच्या दगडावर बसून बारा महिन्यांचे आकडे काढले आणि चिपच्या मेमरीत घातले. ज्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला, तो कधीच भंगारात गेला.

"साहेब, चिप लॉक हाय," मी म्हणाले. "लॅपटॉप जोडला की ती प्रोग्रामिंग मोडमधी जाती, अन् तितं मेमरी वाचू देत न्हाई. लॉक काढलं तर आधी सगळं पुसती, मंग उघडती. तिला तिच्या कामाच्या मोडमधीच राहू द्या. तितं तिचाच प्रोग्राम तिची मेमरी वाचतो. लाल बटण पाच सेकंद दाबून धरलं की एकेक आकडा पडद्यावर येतो. मी लिहून घेते. धा मिन्टं द्या."

साहेब हसले. बाई बोलली की हसायचं, हे इंजिनिअरिंगला पहिल्याच वर्षी शिकवत असावेत.

"वहीत लिहायचे दिवस गेले, ताई. चहा सांगता का?"

"मीना, ते करून राह्यले न्हाई का? डिग्रीवाले हायेत," पाणी कमिटीचे मच्छिंद्रअण्णा म्हणाले. "तू जल्दी चहाचं बघ."

याच अण्णांची जळालेली मोटर बाबाने अंगात ताप असताना नवी तार गुंडाळून भरून दिली होती. तेव्हा कुणी डिग्री विचारली नव्हती.

मी गेले नाही. लॅपटॉपवर इंग्रजी चौकट आली. बारावीच्या इंग्रजीवर मलाही ती वाचता आली: लॉक काढल्यास मेमरी कायमची पुसली जाईल.

"अवो, वाचा की ते!" मी ओरडले.

"हे नेहमीच येतं हो." आणि त्या शहाण्याने 'होय'वर दाबलं.

एक सेकंद लागला असेल. त्यांनी मेमरी उघडली. ओळीखाली ओळ, नुसतं एफ एफ, एफ एफ. कोरी!

"चिपच खराब दिसते," साहेब म्हणाले.

"चिपनं तुमी सांगितलं ते बराबर केलं."

अण्णा माझ्यावरच घसरले. "तुझ्या बापानं लॉक लावलंच कशाला?"

"तुमच्यासाठीच लावल्तं, अण्णा. कुणी आकड्यात हात घालू ने म्हणून."

साहेबांनी बॅग आवरली. नवं पॅनेल पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले आणि टाचा उचलत गाडीत बसले. अण्णा त्यांना पोचवायला गेले, ते परत आलेच नाहीत. वस्तीवरची दैवशालाकाकू घागर घेऊन आली. "मीना, पाणी कदी सुटंल गं?"

काय सांगणार? लाज वाटली मला. साहेब मूर्ख, अण्णा लाचार, हे खरंच. पण बाबाला जाऊन सात महिने झाले होते. लाल बटण मला ठाऊक होतं. सात महिन्यांत मला दहा मिनिटं सापडली नव्हती.

पॅनेल सुरू केलं की छोट्या पडद्यावर बाबाने घातलेलं 'राम राम' यायचं. आज नुसते काळे चौकोन आले. मी पंप हाताने चालू केला, घड्याळ बघितलं आणि बाबाच्या दगडावर जाऊन बसले. पाणी उतरत गेलं. चौदाव्या मिनिटाला पाइपाचं तोंड उघडं पडायला आलं, तशी मी उठून पंप बंद केला आणि वहीत लिहिलं: वैशाख, चौदा.

उरलेले अकरा आकडे त्या त्या महिन्यातच कळणार होते.