लपवलेलं पोर

सासरे येणार म्हटलं की सुना पडदे धुतात, डबे घासतात, फ्रीजमधली वाइनची बाटली मागे सरकवतात. विभावरीने यातलं काही केलं नाही. तिने मुलाचा, ओजसचा, पासपोर्ट कपाटातून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून चेन ओढली. मग खिसा चाचपून पाहिला. त्या दिवशी तिने तो इतक्यांदा चाचपला की हायडेलबर्गच्या बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, छातीत दुखतंय का?

छातीत दुखत नव्हतं, भीती वाटत होती. आणि भीती लपवायला कुठल्याच जॅकेटला खिसा नसतो.

विभावरी पुण्याची. नवरा नेल्सन डाबरे वसईचा, कॅथलिक, केळी आणि पानवेलीच्या जुन्या बागायतदारांच्या घरातला. त्यांच्या लग्नात दोन्हीकडची माणसं तोंडं फुगवून बसली होती, जेवण मात्र दोन्हीकडच्यांनी चापून हाणलं. पुढे नेल्सनला जर्मनीत वाल्डॉर्फच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, ओजस झाला, आणि विभावरीने हायडेलबर्गला पीएचडीला नाव घातलं. गेल्या शरदात एका सकाळी नेल्सन ऑफिसला जायला निघाला आणि पार्किंगमध्येच कोसळला. चाळिशीही आली नव्हती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता वर्षाची मिस्सा होती, चर्चमधली वर्षश्राद्धाची प्रार्थना. सासऱ्यांचा, म्हणजे सायमनपपांचा, वसईहून फोन आला.

"मिस्सेला येतो," ते म्हणाले. "आणि बाय, जाताना पोराला घेऊन जावं म्हणतो. बाग आहे, बागेला माणूस पाहिजे. तू एकटी तिकडे कुठे पुरी पडणार?"

"पपा, त्याची शाळा आहे इथे."

"शाळा काय, वसईला नाहीत?"

झालं. एवढंच बोलणं. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, म्हाताऱ्याचा मुलगा गेलाय, बोलतो बिचारा. पण विभावरीने अभ्यासाला विषयच असा घेतला होता की तिची झोप उडावी. अमेरिका अजून इंग्रजांची वसाहत होती तेव्हा मेरिलँडमध्ये तंबाखूचे मळे असलेली कॅथलिक घराणी होती. त्यांनी जमीन घरात कशी राखली, कुणाला दिली, कुणापासून वाचवली, हा तिचा प्रबंध. पुण्याच्या माणसाला या तंबाखूवाल्या कॅथलिकांचं काय पडलंय, असं प्राध्यापकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "सासर." ते हसले होते. तीही हसली होती, तेव्हा नेल्सन जिवंत होता.

त्या मेरिलँडात पुढे प्रोटेस्टंटांचं राज्य आलं आणि एक कायदा झाला. बाप प्रोटेस्टंट असेल, तो मेला, आणि आई कॅथलिक असेल, तर गव्हर्नरने मुलं आईपासून काढून दुसऱ्या घरी ठेवावीत. बापाचा धर्म राहावा म्हणून. विभावरीने हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा समासात एक बारीकशी खूण केली आणि कॉफी प्यायला गेली. आता तेच पान उघडलं की ती ते लगेच मिटून टाकायची. धर्मांची नावं तेवढी बदलायची. बाप कॅथलिक, आई हिंदू, पोराचा बाप्तिस्मा आज करू उद्या करू म्हणत राहून गेलेला, आणि मधे जमीन.

मन चिंती ते वैरी न चिंती. तिने मनातल्या मनात सगळं घडवून आणलं. पपा ओजसला बागेतली विहीर दाखवायची म्हणून चार दिवस मागतील. वसईला पोचल्यावर नेल्सनचा थोरला भाऊ रेमंड त्याचं नाव शाळेत घालेल. रेमंडला मुलगा नाही. मग ही कोर्टात जाईल, तर कोर्ट विचारेल, बाई, तुमचं उत्पन्न काय? स्टायपेंड. तुमचा व्हिसा? विद्यार्थ्याचा. मूल दुपारी कुठे असतं? एखाददा लायब्ररीत उशीर होतो तेव्हा घरी एकटं असतं. मराठी मंडळाच्या पिकनिकला लोक युगेंडआम्टबद्दल आवाज खाली आणून बोलत. मुलांचं भलं पाहणारं ते सरकारी खातं. त्याने कुणाचं काही वाकडं केलेलं तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं. तरी एखाद्या पहाटे बेल वाजल्यासारखं वाटून ती दचकायची, आणि दूधवाला असेल म्हणावं तर वाल्डॉर्फला दूधवालाच येत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच.

आणि मग तिने जे करायचं ते केलं. कार्ल्सरूहेला ईप्सिता नावाची तिची मैत्रीण पोस्टडॉक करत होती. ओजसची बॅग भरताना तिला त्या मळेवाल्यांची आठवण झाली. घर आणि धर्म दोन्ही टिकावं म्हणून ते आपली लहान पोरं जहाजात बसवून समुद्रापलीकडच्या शाळांत पाठवत. वर्षानुवर्षं भेट नाही. पाठवणाऱ्या आयांना काय वाटलं, हे कुठे फारसं लिहिलेलं नव्हतं. विभावरीने मोजे गुंडाळले आणि ओजसला समोर उभं केलं.

"आजोबा येणारेत. ते तुला कायमचं इंडियाला घेऊन जातील. म्हणून तू थोडे दिवस ईप्सितामावशीकडे राहायचं. आजोबांचा फोन आला तर बोलायचं नाही. कळलं?"

ओजसला मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. या वेळी त्याने फक्त मान हलवली आणि बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या. रोज त्या बांधायला आईला हाक मारायचा. हे पाहूनही तिने त्याला थांबवलं नाही, यावरून तिची भीती केवढी होती ते समजा.

सायमनपपा आले. विमानतळावर तिने त्यांना पाहिलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. तालुक्याला खटले लढणारा, तलाठ्याला बांधावर उभं करून मोजणी करायला लावणारा तो माणूस एवढासा झाला होता. स्वेटर कुणाचा तरी, मोठा. हातात पिशवी, पिशवीत वाळलेल्या केळीच्या पानांत बांधलेली सुकेळी.

"पोर कुठाय?"

"क्लासेनफार्टला गेलाय, पपा. शाळेची सहल. सगळ्यांना जावंच लागतं."

"बापाच्या वर्षाला?"

"इथली शाळा म्हणजे... नाही म्हणता येत नाही."

पपांनी मान डोलावली. तिला वाटलं, सुटले. आणि लगेच वाटलं, हा माणूस इतक्या सहज मान डोलावणारा नाही.

मिस्सा झाली. पाद्री जर्मनमध्ये बोलला, पपांनी मराठीत प्रार्थना म्हटल्या, हळू आवाजात, मधेच नेल्सनच्या नावाशी अडखळून. विभावरी शेजारी बसून जॅकेटचा खिसा धरून होती. नवऱ्याच्या वर्षाला तिला रडू येत नव्हतं. दुःखाला जागाच उरली नव्हती, आणि त्याची तिला लाज वाटली.

घरी पपा ओजसच्या खोलीच्या दाराशी उभे राहत, आत जात नसत. रोज विभावरी नळ सोडून बाथरूममधून ईप्सिताला फोन करी, ओजसशी दोन शब्द बोले. जेवलास का. दात घासलेस का. तो "या, मामा" म्हणे, म्हणजे जर्मनमध्ये "हो, आई", आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच विचारी, आजोबा गेले का?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती नळ बंद करून बाहेर आली, तर पपा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते.

"बस," ते म्हणाले.

ती बसली. हात आपोआप खिशाकडे गेला.

"नळाच्या आवाजात शब्द कळत नाहीत, बाय. पण आई पोराशी बोलते तेव्हा आवाज कसा होतो, ते भिंतीआडूनही कळतं. सहलबिहल काही नाही. तू पोराला लपवलंयस."

खोटं बोलावं म्हणून विभावरीने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "मी त्याला देणार नाही, पपा. काय वाट्टेल ते करा. मी देणार नाही."

"मी न्यायलाच आलो होतो," पपा म्हणाले. "रेमंडने पोराचंही तिकीट काढून दिलंय. माझ्या बॅगेत आहे."

म्हणजे खरंच होतं. एवढे दिवस ती स्वतःला वेडी म्हणत होती आणि खरंच होतं. टेबलाची कड तिने घट्ट धरली.

"ऐक. रेमंडचं बिल्डरशी बोलणं झालंय. आजूबाजूच्या वाड्या गेल्या, टॉवर उभे राहिले. मी मेलो की आमचीही जाईल. नेल्सनचा हिस्सा मला पोराच्या नावाने करून ठेवायचाय, जिवंतपणी, बक्षीसपत्र करून. पोर कायद्याने अज्ञान आहे, म्हणून सातबाऱ्यावर त्याच्यासाठी पालनकर्ता लावावा लागतो. रेमंड म्हणाला, पोराला इकडे आण, माझ्या घरात ठेव, पालनकर्ता म्हणून माझं नाव लाव. मला ते पटलं होतं. आपल्यात पुरुषाचंच नाव लावतात. आणि तू..." ते थांबले. "तू आमच्यातली नाहीस. खोटं कशाला बोलू."

"मग आता?"

"आता तीन दिवस बघतोय. या बाईने सासऱ्याच्या तोंडावर खोटं सांगितलं, मिस्सेत बसूनही ते सोडलं नाही, पण पोर हाती लागू दिलं नाही. जी माझ्यापासून पोर लपवू शकते, ती रेमंडपासून बागही राखेल. पालनकर्ती म्हणून तुझं नाव लावतो."

कुणाला वाटेल, आता तिला हायसं वाटलं असेल. छे. आतापर्यंत तिला एका म्हाताऱ्याची भीती होती, आणि तो तर समोर बसून दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास उचलत होता. यापुढे रेमंड होता, बिल्डर होता, आणि त्या दोघांच्या वाटेत सात वर्षांच्या पोराचं नाव लिहिलं जाणार होतं.

"मला नको ती बाग, पपा," ती म्हणाली. "भीती वाटते."

"मलाही वाटते," पपा म्हणाले. "माझ्याच घरात मी आतून कडी लावून झोपतो." त्यांनी डोळे पुसले, लपवले नाहीत. "लगेच हो म्हणू नकोस. एकदा पोराला बघू दे. नेल्सनसारखा दिसतो का, तेवढं."

विभावरीने त्यांच्यासमोरच फोन लावला. नळ सोडायची आता गरज नव्हती.

ईप्सिता संध्याकाळच्या आत ओजसला घेऊन आली. जिन्यात पावलं वाजली तशी विभावरीने दार उघडलं. मागे पपा उभे होते, केसांना पाणी लावून, शर्टाची वरची गुंडी लावून. ओजस वळणावर आला, त्याने वर पाहिलं, आणि तिथेच थबकला. त्याने ईप्सिताच्या कोटाची बाही पकडली.

"अरे, नेल्सनच हा," पपा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

"मामा," ओजस म्हणाला. आवाज इतका बारीक की जिन्यातला आवाजावर लागणारा दिवाही त्याने लागला नसता. "निम्ट एर मिश मिट?"

"काय म्हणतोय?" पपांनी विचारलं.

शाळेचं काहीतरी म्हणतोय, असं सांगता आलं असतं. लाजतोय, असंही सांगता आलं असतं.

"विचारतोय, तुम्ही त्याला घेऊन जाणार का."

पपांचा हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. त्यांनी चपला घातल्या आणि भिंतीला अंग घासत, पोराला धक्काही लागणार नाही अशा बेताने, ते जिना उतरून वळणाखाली जाऊन थांबले.

"त्याला घरात जाऊ दे आधी," ते खालून म्हणाले. "दार लावून घे. मग मी येऊन बेल वाजवतो. उघडायचं की नाही ते त्यालाच ठरवू दे."

ओजस धावत आत आला. ईप्सिता आली. विभावरीने दार लावलं. थोड्या वेळाने बेल वाजली, एकदाच.

"ओजस," ती गुडघ्यावर बसून म्हणाली, "आजोबा तुला नेणार नाहीत. मी चुकीचं सांगितलं होतं. उघडतोस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी कुठली खरी, हे तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता, आणि तिचा चेहरा त्याला मदत करू शकत नव्हता, कारण भीती अजून तिथेच होती. ती तिनेच त्याला दिली होती, आणि देताना किती सोपी गेली होती. ओजस तिच्या मागे सरकला आणि त्याने तिचं जॅकेट मुठीत धरलं.

बाहेर पपा खोकले. त्यांनी पुन्हा बेल वाजवली नाही, आणि विभावरीने दाराला हात लावला नाही.