वीस सेकंदांचा साहेब

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. हातात धरायचा, सहा सेलांचा. माझ्या अंगाला बोंबलाचा वास येतो आणि बोंबलणं हाच माझा धंदा.

सातपाटीच्या विश्राम खलाशाने मला बोईसरच्या बाजारातून आणलं, ते त्याच्या बायकोसाठी, नलूसाठी. मला तीन बटणं. हिरवं दाबलं की आवाज मोठा होतो. लाल दाबून बोललं की वीस सेकंदांचं बोलणं पोटात राहतं, आधीचं पुसून. काळं दाबलं की तेच पुन्हा पुन्हा. नलूने भरलं होतं, "ताजा बोंबील लो, मांदेली लो!" कुंभवलीच्या कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांना कळावं म्हणून हिंदीत.

मग युद्ध झालं. चार दिवसांचं. बोटींना परत बोलावण्याचा हुकूम मंत्रीसाहेबांच्या टेबलावर दोन दिवस पडून होता, कारण साहेबांना तो सभेत स्वतः जाहीर करायचा होता. तोवर विश्रामची बोट पलीकडच्यांनी ओढून नेली. विश्राम धरून सहा खलाशांसकट.

साहेब सातपाटीला सभा घ्यायला आले. नेमकी वीज गेली. मच्छीमार सोसायटीचा शिपाई नामदेव याने नलूच्या टोपलीतून मला उचललं. साहेबांनी एका हाताने नाकाला रुमाल लावला, दुसऱ्याने मला धरलं. घाईत नामदेवने हिरव्याऐवजी लाल बटण दाबलं.

"आवाज नाय, आवाज नाय!" मागून ओरडा झाला. पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं. मी मात्र पहिले वीस सेकंद गिळले.

दुसऱ्या दिवशी कुंभवलीत नलूने काळं बटण दाबलं, तर बोंबलाऐवजी साहेब बाहेर पडले! एक कामगार हसून म्हणाला, "भाभी, आज मछली नहीं, नेता बेच रही हो?"

"ताजा नाय तो," नलू म्हणाली. "वास येतो."

पण पुसला नाही तिने. त्या दिवसापासून बोंबील ती स्वतःच्या गळ्याने विकते.

आठ दिवस गेले. आठ महिने झा—

*विश्राम आणि त्याचे साथी जिवंत आहेत! आठ दिवसांत सहाही जण तुमच्या उंबऱ्यावर उभे करीन! नाही केले, तर तोंड दाखवणार नाही!*

—ले. माफ करा, मित्रांनो. काळं बटण अडकतं माझं.

दोन्हीकडच्या कैद्यांची अदलाबदल झाली. साहेबांच्या यादीत खलाशी लिहायचेच राहून गेले. चूक कबूल केली असती तर विजयाच्या मिरवणुकीला गालबोट लागलं असतं. त्यापेक्षा सहा जणांना हुतात्मा करणं सोपं. बंदरावर सहा नावांचा दगड उभा राहिला. त्याच आठवड्यात पलीकडच्या तुरुंगातून विश्रामचं पत्र आलं होतं. 'सुका बोंबील आठवतो,' एवढंच वाचता येत होतं, बाकीच्यावर तुरुंगवाल्यांनी शाई फासलेली.

साहेबांचा माणूस कागद घेऊन आला. "ताई, मरणाच्या दाखल्यावर सही करा. मान मिळेल."

नलूने हात पुढे केले. डाव्यात हिरव्या बांगड्या, उजवा रिकामा. आमच्या कोळणी लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवरा सांभाळ म्हणून. "उजव्या दर्याला दिल्या," ती म्हणाली. "डाव्या कोनाला देऊ? तुज्या सायबाला?"

अनावरणाच्या दिवशी दगडावरचा पडदा सरकला. साहेब गरजले, "हुतात्मा विश्राम अमर रहे!"

नलूने मला डोक्यावर उचललं आणि काळं बटण दाबलं.

*विश्राम आणि त्याचे साथी जिवंत आहेत!*

त्यांचाच आवाज. एकदा, दोनदा, पाच वेळा. मागच्या रांगांना आज पहिल्यांदा ऐकू गेलं. सहाव्या वेळी कोळणीही सोबत म्हणू लागल्या. "तोंड दाखवणार नाही!"

"बाई, गप्प बसा," पोलीस धावला.

"मी कुठं बोलतंय? तुमचा सायेबच बोलतोय!"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. या वेळी नाकाला नव्हे. तोंड झाकूनच ते गाडीत बसले.

आता त्या दगडावर कोळणी बोंबील वाळत घालतात. विश्रामच्या नावावर सर्वांत जास्त.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं, आमची काळजी घ्या. घ्याच. मला पावसात ठेवू नका. सेल बदलत जा, कारण साहेबांच्या पुढच्या सभेला नलू निघाली आहे, आणि त्याच्या पुढच्याही. फक्त लाल बटणाला हात लावू नका. विश्राम उंबऱ्यावर उभा राहील त्या दिवशी नलू ते स्वतः दाबेल, बोंबील भरायला.

तोवर साहेब माझ्या पोटात आहेत. आणि मी त्यांना हुतात्मा होऊ देणार नाही.